मंदाबाईंच्या नावाचं टपाल

२०२२ साल होतं ते. घरपट्टी थकली म्हणून मुर्रीच्या शामकलाबाईंचं घर लिलावात विकलं गेलं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

घर अजून सासूच्या, मंदाबाईंच्या नावावर होतं. सासूला जाऊन नऊ वर्षं झाली होती. नोटिसा तिच्याच नावाने येत. शामकलाबाई त्या न फोडता तिच्या फोटोपुढे ठेवत आणि वर हळदीकुंकू वाहत. दारावर चिकटवलेला कागदही त्यांनी भिजवून अलगद सोडवला आणि तिथेच ठेवला.

लिलावात घर घेणारे तांदळाचे व्यापारी चंद्रकुमार सेठ एका सकाळी घर पाहायला आले. लिलावाची गोष्ट बाईंना त्यांच्याच तोंडून कळली. सेठची नजर फोटोपुढच्या गठ्ठ्यावर गेली.

"काऊन नाही फोडले हे?"

"सासूच्या नावाचं टपाल सुनेनं कसं फोडाचं?"

"मेलेल्या सासूचा एवढा डर!"

"तुमाले सासू नाही, म्हणून बोलून राहिले."

सेठ हसले. म्हणाले, "माही लेक टीना अमेरिकेत राह्यते. हा लिलावातले घरं घ्याचा धंदा तिनंच सांगितला. तिथं राज्याराज्याचा कायदा वेगळा. कुठं दुसऱ्याचा कर भरला तर निस्तं व्याज भेटते, कुठं घरच भेटते. घर सोडवाले मालकाले कुठं दोन-तीन वर्षं देतात, कुठं एक दिवस नाही."

"अन् आपल्या राज्यात?"

हे उत्तर गिळलं असतं तर घर सेठचंच होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"तीस दिवस. सारा थकलेला कर भराचा, वरतून माह्या बोलीवर शेकडा पाच मले. अठरा दिवस गेले, बाई. आजच लेकाले फोन लावा."

मुलगा भूपेंद्र कोहमाऱ्याला ढाबा चालवायचा. त्याने ढाब्याचा फ्रीजर विकला, बाईंनी हातातले गोठ मोडले. सव्विसाव्या दिवशी पैसे भरले आणि लिलाव रद्द झाला. सेठने आपले शेकडा पाच मोजून घेतले, एक रुपया सोडला नाही. बाईंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पैसे काय, कोणीही देतं. आपल्या तोट्याचा कायदा कोण सांगतो?

भूपेंद्रने पुढच्या वर्षी नवा फ्रीजर घेतला. टीना तिकडेच आहे. सेठ मागल्या पोळ्याला वारले. घर आता शामकलाबाईंच्या नावावर आहे, आणि दारात आलेलं प्रत्येक पाकीट त्या उभ्या उभ्या फोडतात. फोटोपुढे आता एकच कागद असतो, त्या वर्षीची कर भरल्याची पावती. हळदीकुंकू वाहताना त्या सासूनंतर सेठचं नाव घेतात.