उघडं राहिलेलं मातीचं घर

मित्रांनो, टेका जरा. माझी गोष्ट सांगती, पन ऐकून शिव्या घालू नका.

मी एक म्हातारी मोरपंखी माशी. अंग हिरवंनिळं, शालूवानी झळझळीत. पन गुन चोराचा. मला घर बांधता येत न्हाई. कुंभारीन माशी चिखलाचं घर बांधती, पोरासाठी अळ्या भरती. ती भाईर गेली की मी आत शिरून माझं अंडं घालती. माझं पोर तिच्या पोराला खातं. मीबी तशीच वाढले. दुसरं कायबी येत न्हाई मला.

यंदा, बहात्तर साली, पाऊस फिरकलाच न्हाई. चिखल न्हाई, म्हनून कुंभारनी न्हाईत. पोटात शेवटलं अंडं घेऊन पंख झिजेस्तोवर हिंडले. अखेर शिंगणापुरात कडूबाईच्या बिनदाराच्या चौकटीवर एक घर घावलं. आतल्या रांजनाखालच्या ओल्या मातीनं कुंभारनीनं बांधलेलं. ती गेली, मी अंडं घातलं. निघताना ती परतली, मला धरून आपटलं. माझा पंख मोडला.

तेवढ्यात कडूबाईच्या सुनेनं, विजयमालानं, रांजनाखाली परात सरकवली. थेंब परातीत पडाया लागले. ओल वाळली. घराचं तोंड लिंपाया चिखल न्हाई, अन् मुंग्या चौकट चढाया लागल्या. आत माझं पोर. मी खाली पडून नुसती बघत हुते.

"विजे, परात काढ!" कडूबाई वराडली.

"आत्याबाई, दोन कोसावरनं आनलंय पानी. माशीला पाजू व्हय?"

"तुला सातवा लागलाय. कुंभारनीचं घर अर्धं राहिलं तर आपला पाळनाबी रिकामा राहतो."

"परात न्हाई काढायची मी."

"नको काढू. माझ्या वाटचं वतते."

"अन् तुमी काय प्याल?"

"थुका गिळीन. सर तिकडं!"

म्हातारीनं फडक्यानं मुंग्या झाडल्या, आपल्या तांब्यातलं पानी भुईवर वतलं. कुंभारीन आली, चिखल नेला, तोंड लिंपलं. माझं पोर वाचलं. तिचं आता वाचायचं न्हाई.

तवापास्नं कडूबाई त्या घराला हात जोडती. "सुखरूप ऱ्हा रं बाळा," म्हनती. कुनाला म्हनती, तिला ठावं न्हाई. मी खाली मातीत पडून ऐकती. मला मुंग्या आज न्हाई तर उद्या नेतील, नेऊ द्या.

मित्रांनो, एवढं करा. ते घर कुनाला पाडू देऊ नका. अन् आतनं हिरवंनिळं पोर निघालं, तर कडूबाईला सांगा, कुंभारनीचंच हाय म्हनून. सून बाळंत होईस्तोवर तरी.