माणिकबाईचं रोजचं गिऱ्हाईक

जानराव दहा महिन्यांपासून पोरीशी एकच खोटं बोलत होता. खोटं इतकं लहान होतं, की त्याला ते खोटं वाटेनासंही झालं होतं.

रोज दुपारी एक वाजता अमरावतीहून पौर्णिमाचा फोन यायचा.

"बाबा, जेवले का?"

"जेवून राहिलो ना. मूर्तिजापूरले, माणिकबाईच्या खानावळीत."

"काय हाय आज?"

"पाटवडी हाय. बाई हात सैल सोडून वाढते बाप्पा."

हे बोलताना त्याची गाडी बडनेऱ्याच्या रस्त्याला लागलेली असायची आणि पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नसायचं. माणिकबाईची खानावळ त्याने रस्त्यावरून जाता-येता पाहिली होती, एवढंच. पाटी निळी होती आणि बाहेर पाण्याचा रांजण होता. आत त्याने कधी पाय ठेवला नव्हता.

खोटं बोलायला कारण होतं. सुभद्रा, त्याची बायको, मागच्या हिवाळ्यात गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमाने अमरावतीच्या क्लासची पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली होती. "तुमाले कोण करून घालीन? मी घरीच राह्यतो," म्हणाली. राज्यसेवेची तिची दोन वर्षांची तयारी होती. सुभद्राने त्यासाठी दोन वर्षं पोरीला घरातल्या कामाला हात लावू दिला नव्हता. जानरावाने ती पुस्तकं स्वतः खाली काढली आणि पोरीला शब्द दिला, की मी रोज वेळेवर जेवीन. पोरीनेही बजावलं, "ज्या दिवशी समजलं तुमी उपाशी राह्यता, त्या दिवशी क्लास बंद. मग मले समजवाले येऊ नोका."

असं ते होतं.

जानराव अकोल्याच्या गोदामातून साबण, बिस्किटं, तेलाचे डबे घेऊन निघायचा. बोरगाव, मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावती गाठायची. अमरावतीचे दुकानदार अडीचला शटर ओढायचे ते साडेचारला उघडायचे. अडीचच्या आत पोचलं नाही, तर दोन तास गाडी उभी, आणि गोदामातल्या साहेबाची बोलणी वेगळी. म्हणून ड्रायवर लोकांनी एक रीत पाडली होती. कंपनीच्या मोबाइलमध्ये जेवणाचं बटण होतं, ते दाबल्यावर अर्धा तास गाडी उभी दिसली पाहिजे. तर पहिल्याच दुकानाला माल उतरवताना ते दाबून टाकायचं. गाडी उभी तर असतेच. कंपनीच्या लेखी सगळे ड्रायवर साडेअकराला पोटभर जेवायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पौर्णिमा परत निघाली तेव्हा तिच्याजवळ पुस्तकांचं एक पोतं होतं.

"बाबा, मी तुमच्याच गाडीत येतो."

"एसटीनं जाय ना माय. अर्धं तिकीट हाय. गाडीत धूळ, धक्के..."

"एवढं पोतं घेऊन एसटीत कुठं चढू? अन् मले माणिकबाईची पाटवडी खायची हाय."

जानरावाचा रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी गोदामात त्याने बंडूला बाजूला घेऊन अडचण सांगितली. बंडू दुसऱ्या गाडीवरचा ड्रायवर, तिशीतला. त्याचं जेवण खरंच माणिकबाईकडे असायचं.

"एवढंच ना काका?" बंडू म्हणाला. "बाईले मी फोन करतो. तुमचा शर्ट कोणता हाय, निळा? सांगतो तिले, निळा शर्ट, पांढऱ्या मिशा, संग पोरगी. रोजचं गिऱ्हाईक म्हणून वाढजो म्हणतो."

"जास्त नको सांगू. बाई भोळी असली तर घोळ करीन."

"भोळी? तिनं तीन वर्षात माह्या ताटात एक वाटी कढी जास्त जाऊ नाई देल्ली."

पहिला घोळ बोरगावलाच झाला. हात सवयीने चालतो. जानरावाने दुकानापुढे गाडी लावली, बटण दाबलं आणि खोकी उचलायला उतरला. केबिनमध्ये मोबाइलमधली बाई खणखणीत बोलली, "आपली जेवणाची सुट्टी सुरू झाली आहे."

तेलाची खोकी खांद्यावर घेऊन जानराव मागे वळला तर पौर्णिमा खिडकीतून बघत होती.

"बाबा, कोण जेवून राह्यलं?"

"मशीन हाय ते. त्याले काय समजते."

गाडी पुन्हा चालू झाल्यावर तिने बापाच्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं. पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं एक नवं भोक होतं, त्याच्यापुढे आणखी एक.

मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा पाऊण वाजला होता. खानावळीच्या दारात एक जाडजूड बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. निळा शर्ट दिसताच तिचा चेहरा उजळला.

"या जानरावभाऊ! आज उशीर केला? मी म्हणतच होती, भाऊ काहून नाई आले. बसा, तुमच्या नेहमीच्या जागेवर बसा."

नेहमीची जागा कोणती हे जानरावाला माहीत नव्हतं. तो जिथे टेकला तिथून माणिकबाईने त्याला उठवून पंख्याखाली नेलं.

"हीच ना पोरगी? अभ्यासवाली? रोज तुह्यीच गोष्ट करते वं तुहा बाप. भाकर मोडली की तुह्यं नाव."

जानरावाने डोळ्यांनीच तिला आवर म्हटलं. पण बाई रंगात आली होती. तिने ताटं आणली, आणि जानरावाच्या ताटात दोन अख्खी भरली वांगी ठेवून वरून तेलाची तर्री सोडली.

"घ्या. तुमच्यासाठी रोज दोन बाजूले काढून ठेवतो. वांगं म्हटलं की तुमी खुश!"

आता, वऱ्हाडात जन्मून वांगं न खाणारा माणूस शोधून सापडायचा नाही, पण जानराव तसा होता. लहानपणी एकदा वांग्यात अळी निघाली ती त्याच्या मनातून साठीपर्यंत निघाली नव्हती. सुभद्रा चोवीस वर्षं घरात दोन भाज्या करायची, एक सगळ्यांची आणि एक त्याची.

पौर्णिमाने भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"बाबा, वांगं कधीपासून खाता?"

"आता... बाई चांगलं करते..."

"खा मंग."

जानरावाने तुकडा मोडला. वांग्याला लावला. हात तोंडापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. माणिकबाई त्याच्या तोंडाकडे, पौर्णिमाच्या तोंडाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "बंड्यानं हे नाई सांगतलं मले."

"मावशी, हे कधी आले होते तुमच्याकडे?"

"खरं सांगू पोरी? आज पयल्यांदा."

पौर्णिमाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढला. "दहा महिने! दहा महिने तुमी मले भाजीचं नाव सांगून राह्यले! चला. गाडी फिरवा. पोतं गाडीतच हाय, अकोल्याले परत चला."

"पौर्णिमा, ऐक..."

"काहून ऐकू? काहून नाई जेवत तुमी? वेळ नाई म्हणून?"

जानरावाला वेळ नाही असंच म्हणायचं होतं. ते सोपं होतं. पण समोर पोरगी होती, आणि आता खोटं बोलण्याचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

"वेळ काढला तर निघते," तो म्हणाला. "तुही माय एक वाजेपर्यंत जेवायची नाई. आमचं ठरलं होतं. मोबाइल नव्हते तेव्हापासून. मी एक वाजता कुठंबी असलो तरी गाडी लावून डबा उघडाचा अन् तिनं तिकडं ताट घ्यायचं. म्हणजे संगच जेवलो. आता एक वाजता गाडी लावली की... तिकडं कोणी बसलेलं नाई, हे समजते. गाडी चालू असली की नाई समजत."

खानावळीत दुसरी दोन गिऱ्हाइकं होती, तीही जेवायची थांबली.

पौर्णिमा म्हणाली, "मले सांगाचं तरी. मी तुमाले नुसती भाजी विचाराले फोन करतो का? मले वाटे तुमी इकडं जेवून राह्यले, म्हणून मी तिकडं डबा उघडतो."

जानरावाने मान वर केली. हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. पोरगी एक वाजताच का फोन करते, बारा किंवा दोनला का नाही, हे दहा महिन्यांत त्याने स्वतःला विचारलंच नव्हतं.

"पण घरी नको येऊ माय," तो म्हणाला. "तू घरी बसली तर मी जेवीन. पण प्रत्येक घासाले मले वाटीन, की हे पोरीच्या पुस्तकावर ठेवून खाऊन राह्यलो."

माणिकबाईने पदराने नाक पुसलं आणि जानरावाच्या ताटातली वांगी उचलून स्वतःच्या वाटीत टाकली. "हे पाहा, माह्या तोंडून आज खोटं निघालं. ते आता खरं करणं मले भाग हाय. उद्यापासून एक वाजता भाऊचं ताट लागीन, बिनवांग्याचं. भाऊ नाई आले तर पोरी, मी तुले फोन करतो. मंग तू ये अन् काढ याइची खरडपट्टी. नंबर दे."

पौर्णिमाने लगेच नंबर दिला नाही. तिने बापाच्या ताटात कढी वाढली, भाकर मोडून ठेवली, आणि तो पहिला घास गिळेपर्यंत थांबली. मग नंबर सांगितला. बाईने तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला लिहिला.

दुसरी भाकर चालू असताना गोदामातून साहेबाचा फोन आला. "जानराव, गाडी काहून उभी?"

"जेवून राहिलो साहेब."

"तुमची सुट्टी तर साडेअकरालाच झाली."

"ते बटणाची झाली. माही आता होऊन राह्यली."

"अमरावती मग साडेचारला?"

"साडेचारला."

"बरं. उद्यापासून बोरगावचा माल बंडूच्या गाडीवर टाकतो. जेवा."

बडनेऱ्याचा माल उतरवून ते अमरावतीला पोचले तेव्हा शटर पडली होती. जानरावाने दुकानापुढे गाडी लावली आणि पुस्तकांचं पोतं उचलून पोरीच्या खोलीपर्यंत नेलं. घरमालकिणीने ओसरीवर सतरंजी टाकून दिली, पंखा लावला. भरल्या पोटी जानराव जो आडवा झाला, तो घोरायलाच लागला. दिवसाउजेडी तो शेवटचा कधी झोपला होता, त्यालाही सांगता आलं नसतं.

सव्वाचारला पौर्णिमाने त्याचा खांदा हलवला. दुसऱ्या हातात पुस्तक होतं, वाचलेल्या पानावर बोट.

"उठा बाबा, दुकान उघडीन आता. जा सावकाश. मले हा धडा आजच संपवाचा हाय."