रेघ नाही

दाराच्या भिंगातून बघून शुभदा आत आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, उत्तनचे इग्नेशियस आलेत. पिशवी घेऊन."

गुणवंतने हातातलं पुस्तक मिटलं. पानात खूण घालायची राहून गेली. नऊ वर्षांत इग्नेशियस भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या या घरी एकदाही आला नव्हता, आणि येऊ नये असंच गुणवंतला वाटत आलं होतं. आता तो आला होता, तर छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. काहीच झालं नाही. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय जसा आपला वाटत नाही, तसं त्याचं आतलं कधीपासूनच झालं होतं.

इग्नेशियस खुर्चीच्या काठावर बसला. पिशवीत सुके बोंबील होते.

"वयनी, बाल्कनीत ठेवा. वास येल."

"येऊ द्या की," शुभदा म्हणाली. "समोरचे शाह चार दिवस दार लावून बसतील, तेवढीच शांतता." आणि ती चहा टाकायला आत गेली.

इग्नेशियसने घसा साफ केला. "साहेब, कॅरेनचं नाव लागलंय. इमान शिकाया. पुढच्या म्हयन्यात जायाचं हाय. मी नको म्हनलो, पोरगी आयकत न्हाय."

"बरं मग?"

"लेस्ली शिकवतोय तिला घरी. आता तो काय शिकवनार, सांगा! ज्यानं न बघता इमान उडवलं, तो?" त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "तुमी एकदा येवून तिला सगलं नीट सांगा. तुमी खरा मानूस. तुमी त्या दिवशी सकाली बघितलं व्हतं, तसं लिवून दिलं व्हतं. आमच्या पोरानं मातर माज्या तोंडावर खोटं सांगितलं. पाय मोडला त्याचं येवढं न्हाय वाटत, साहेब. खोटं बोलला त्याचं वाटतं."

गुणवंत म्हणाला, "येतो. रविवारी."

तो गेल्यावर शुभदाने कप उचलले. "चहा तुम्ही प्यायलाच नाहीत," ती म्हणाली. गुणवंतने कपाकडे बघितलं. साय धरली होती.

गुणवंतची सव्वीस वर्षं घाटावरच्या एका फ्लाइंग क्लबात विमानं दुरुस्त करण्यात गेली. शिकाऊ पोरांची विमानं ती, एका इंजिनाची, दोघं नाहीतर चौघं बसतील एवढी. आठवडाभर तिथल्या खोलीत राहायचं, शनिवारी भाईंदरला यायचं. इग्नेशियसचा थोरला, लेस्ली, तिथे शिकायला लागला तो गुणवंतच्याच ओळखीने. दोघं एकाच गाडीने ये-जा करत. लेस्ली सगळा वेळ बोलायचा, गुणवंत पुस्तक उघडं ठेवून ऐकायचा.

लहान विमानाला मोठं काही मारत नाही, असं गुणवंत नव्या पोरांना सांगायचा. वेग दाखवणाऱ्या नळीत कुंभारमाशी चिखलाचं घर करते. ब्रेकचं तेल थेंब थेंब गळत राहतं. प्लगवर काजळी धरते. उन्हाने टाकीच्या झाकणाचं रबर कडक होऊन चिरतं, आणि मग पावसात पंखातल्या टाकीत पाणी झिरपतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. जमिनीवर इंजिन छान चालतं, आणि विमान हवेत जाऊन नाक वर झालं की तळातलं पाणी सरकून इंजिनाच्या वाटेला लागतं.

त्यावर उपाय सोपा. उड्डाणाआधी टाकीच्या तळाची कळ दाबून काचेसारख्या नळीत थोडं पेट्रोल काढायचं आणि डोळ्यांसमोर धरायचं. विमानाच्या पेट्रोलला मुद्दाम निळा रंग दिलेला असतो. पाणी असलं तर ते खाली दिसतं, वर निळं पेट्रोल, आणि दोहोंच्या मध्ये केसासारखी रेघ. रेघ दिसली की ओतून द्यायचं, पुन्हा काढायचं. क्लबात या कामाला 'रेघ बघणं' म्हणत. बघणारा ओरडायचा, "रेघ नाही!" आणि वहीत सही करायचा. हा शब्द पाडला कोणी, ते कोणाला आठवत नव्हतं. गुणवंतला कधीकधी वाटायचं, आपणच पाडला असेल.

त्या जुलैत शेडचं छप्पर गळत होतं म्हणून त्यावर मोठी निळी ताडपत्री ओढली होती. पत्र्याचे तुकडे काढून टाकलेले, त्यामुळे आत येणारा सगळा उजेड ताडपत्रीतून यायचा. रात्रभर पावसात उभं असलेलं एक विमान गुणवंतने सकाळी सहाला तिच्याखाली घेतलं. झाकणाचं रबर चिरलंय हे त्याला माहीत होतं. नवं मागवलेलं होतं, यायचं होतं. त्याने नळी भरली, डोळ्यांसमोर धरली. निळी. रेघ नाही. सही केली आणि विमान बाहेर ढकललं. साडेआठलाही पाऊस होताच, म्हणून तपासणीसाठी लेस्लीने ते पुन्हा आत घेतलं, त्यानेही नळी भरली, त्यालाही रेघ दिसली नाही. पाऊस ओसरल्यावर तो उडाला, आणि मिनिटभरात इंजिन बंद पडलं. लेस्लीने विमान उसाच्या शेतात उतरवलं, म्हणजे पाडलं. त्याचा उजवा पाय घोट्यापासून वाकडाच जुळला.

टाकीत पाणी सापडलं. चौकशीत गुणवंतने लिहून दिलं: सकाळी सहाला तपासणी केली, रेघ नव्हती. लेस्लीनेही तेच सांगितलं. पण दोघांचं खरं कसं असेल? सहा ते साडेआठ पाऊस कोसळत होता. पाणी त्या वेळात आत शिरलं आणि मुलाने न बघताच सही केली, असा निष्कर्ष निघाला. मुलाचं उडणं संपलं.

अपघातानंतर पंधरा दिवसांनी गुणवंत त्याच ताडपत्रीखाली जेवायला बसला होता. डब्याशेजारी पाण्याचा ग्लास होता, काचेचा. ग्लासातलं पाणी निळं दिसत होतं.

तो बराच वेळ त्या ग्लासाकडे बघत राहिला. त्या दिवशी नळीत रेघ नव्हती, कारण नळीत पेट्रोलच नव्हतं. वरपासून खालपर्यंत पाणी होतं. त्यालाही तेच दिसलं होतं आणि मुलालाही. चौकशीच्या कागदावर तेव्हा अजून सही व्हायची होती, त्याला पुढे अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत गुणवंत रोज ठरवायचा की उद्या सांगू. मग कागदावर सही झाली. त्यानंतर त्याला काही वाटेनासं झालं.

रविवारी तो रिक्षाने स्टेशनला आला, पूल ओलांडून पश्चिमेला गेला आणि उत्तनच्या बसमध्ये बसला. मोरवा गावाच्या पुढे खिडकीतून खारा वारा यायला लागला. काय बोलायचं ते त्याने मनात तीनदा जुळवलं. तिन्ही वेळा ते पुस्तकातल्यासारखं वाटलं. मुलीला तपासणी नीट शिकवून परत यावं, असंही मनात आलं. रंग बघ, वास घे, एवढं सांगितलं तर तिचा जीव सुरक्षित. बाकीचं बोलायची गरजच काय? हा विचार त्याला बरा वाटला नाही आणि वाईटही वाटला नाही. बस थांबली, तो उतरला.

लेस्लीचं काम बंदराच्या अंगाला होतं. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा तो. चार बांबूंवर ताडपत्री ताणलेली, खाली एक इंजिन उघडून पडलेलं. ताडपत्री निळी होती. गुणवंत तिच्या काठाशी क्षणभर थांबला.

"या अंकल," लेस्ली लंगडत पुढे आला. "म्हातारे झालात."

"तू जाड झालास."

"बसून काम आहे ना. तुमचीच कृपा." तो हसत म्हणाला. गंमतच होती ती. गुणवंत हसला नाही.

चर्चमधल्या मिसावरून नुकताच आलेला इग्नेशियस पांढऱ्या शर्टात उभा होता. त्याने स्टूल पुसून पुढे केलं. कॅरेन वही घेऊन खोक्यावर बसली होती. एकोणीस वर्षांची, भावासारखंच भरभर बोलणारी.

"अंकल, डॅडी म्हणतात तुम्ही एवढे कडक होता की विमानंपण घाबरायची."

"विमानं नाही घाबरायची," गुणवंत म्हणाला. "तू काय शिकलीस ते दाखव."

लेस्लीने बाटलीतलं पेट्रोल आणि थोडं पाणी एका नळीत ओतून तिच्या हातात दिलं. क्लबातलीच नळी होती ती, पिवळ्या टोपणाची. त्याने जपून ठेवली होती.

कॅरेनने ती डोळ्यांसमोर धरली. "रेघ आहे. ओतायचं, परत काढायचं. रेघ नाही तोपर्यंत."

"करेक्ट," लेस्ली म्हणाला.

"ह्येच तू केलं असतंस तर," इग्नेशियस पुटपुटला.

"डॅडी, आज नको."

"आज न्हाय तर कवा? साहेब हायत समोर."

लेस्लीने पान्हा उचलला आणि इंजिनाकडे वळला. हे बोलणं या घरात किती वेळा झालं असेल, ते त्याच्या पाठीवरून कळत होतं.

गुणवंत म्हणाला, "मला पाणी मिळेल?"

कॅरेनने बाटली दिली. त्याने तिच्या हातातली नळी रिकामी करून पुसून घेतली, सगळ्यांकडे पाठ केली आणि ती काठोकाठ पाण्याने भरली. त्याने नळी तिच्या हातात दिली.

"आता बघ. विमान समज. उडवशील?"

तिने ताडपत्रीकडे तोंड करून नळी धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. "रेघ नाही. रंग निळा, पुस्तकात दिलाय तसा." आणि भावाने शिकवल्याप्रमाणे मोठ्याने म्हणाली, "रेघ नाही!"

लेस्लीच्या हातातला पान्हा थांबला. तो वळला. नळीकडे बघितलं, मग गुणवंतच्या हातातल्या बाटलीकडे. त्याने बहिणीच्या हातून नळी घेतली आणि लंगडत उघड्यावर गेला. ढगाळ, पांढऱ्या उजेडात नळीतलं पाणी साधं पाणी होतं.

तो तसाच उभा राहिला. बोंबील वाळवायच्या बांबूंवर कावळे होते, त्यांनाही त्याने हाकललं नाही.

"काय झालं?" इग्नेशियसने विचारलं. "काय हाय त्याच्यात?"

गुणवंत म्हणाला, "पाणी आहे. नुसतं पाणी. त्या दिवशी शेडवर अशीच ताडपत्री होती, इग्नेशियस. सकाळी सहाला मी बघितलं ते हेच होतं. साडेआठला याने बघितलं तेही हेच. याने तपासणी केली होती."

इग्नेशियसला ते समजायला वेळ लागला. त्याने नळीकडे बघितलं, वर ताडपत्रीकडे बघितलं, मग मुलाकडे.

"तू केली व्हतीस?"

"नव वर्षं तेच बोलतोय, डॅडी."

इग्नेशियस स्टुलावर बसला. गुणवंतसाठी पुसलेल्या स्टुलावर. त्याने तोंडावरून हात फिरवला आणि तो तिथेच, तोंडावरच ठेवला.

लेस्ली आत आला. "अंकल," त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

इथे 'आत्ताच' म्हणता आलं असतं. 'परवा सहज ताडपत्री बघितली आणि लक्षात आलं' म्हणता आलं असतं. मुलीचा जीव वाचला, मुलाचं नाव धुतलं गेलं, बापलेक समोरासमोर आले. एवढं झाल्यावर त्या एका शब्दाने कोणाचं काय बिघडलं असतं? गुणवंतने तो शब्द जिभेवर आणूनही बघितला.

"पंधरा दिवसांनी," तो म्हणाला.

"कशाच्या पंधरा दिवसांनी?"

"अपघाताच्या. कागदावर सही व्हायच्या आधी."

बंदरात कुठेतरी इंजिन चालू होत होतं, बंद पडत होतं, पुन्हा चालू होत होतं. इग्नेशियस त्याच्याकडे बघत होता, पण ज्याला 'साहेब' म्हणत आला तो माणूस त्याला तिथे सापडत नसावा.

कॅरेनच बोलली, बारीक आवाजात. "मग ओळखायचं कसं? सगळंच पाणी असलं तर?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर गुणवंतला येत होतं. "ताडपत्रीखाली कधी बघायचं नाही. बाहेर, पांढऱ्या कागदासमोर धरायचं. वास घ्यायचा. तरी शंका आली तर थेंब घेऊन बघायचा." त्याने लेस्लीच्या बाटलीतल्या पेट्रोलचा एक थेंब डाव्या तळहातावर घेतला, नळीतल्या पाण्याचा एक उजव्यावर, आणि दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "पेट्रोल असलं तर उडून जातं. पाणी बसून राहतं."

सगळ्यांनी बघितलं. डावा हात थोड्या वेळात कोरडा झाला. उजव्यावरचा थेंब तसाच होता. गुणवंत ते हात पुढे करून उभा राहिला, खाली कधी घ्यायचे ते न कळल्यासारखा.

"समजलं?" लेस्लीने बहिणीला विचारलं. तिने मान हलवली. "मग वहीचं एक पान फाड."

"कशाला?"

"फाड."

त्याने ते पान उघडलेल्या इंजिनाशेजारच्या फळीवर ठेवलं, वर पेन ठेवलं. "तोंडी नको, अंकल. तेव्हापण तुम्ही लिहूनच दिलं होतं. इकडे लिहा. माझ्या नावाने नाही, त्यांच्या नावाने, ज्यांनी चौकशीच्या कागदावर सही केली. मी पाठवतो."

"आता काही होणार नाही त्याचं," गुणवंत म्हणाला.

"नाही झालं तर नाही. डॅडी वाचतील."

गुणवंतने उजवा हात पँटला पुसला आणि पेन घेतलं. उभ्यानेच लिहायला लागला, कारण स्टुलावर इग्नेशियस होता. आपलं पूर्ण नाव, क्लबातलं काम. सकाळी सहा वाजता तपासणी केली, असं लिहिलं, आणि पुढे हात आपोआप सव्वीस वर्षांच्या सवयीचे दोन शब्द लिहायला लागला. 'रे' लिहून झाला तेव्हा तो थांबला. ते अक्षर खोडलं. त्यापुढे लिहिलं: नळी पूर्ण पाण्याने भरलेली होती. मी ते ओळखलं नाही. नंतर ओळखलं, तेव्हा सांगितलं नाही.

लेस्लीने पान घेऊन वाचलं, वहीतली तपासणी वाचावी तसं, प्रत्येक ओळीवर बोट ठेवत.

"तारीख राहिली," तो म्हणाला.

"कुठली टाकू?"

"आजची. त्या दिवशीची टाकून झालीये तुमची."

गुणवंतने आजची तारीख टाकली आणि सही केली. लेस्लीने पान बापाच्या हातात दिलं. इग्नेशियसने खिशातून चष्मा काढला, पुसला, आणि पहिल्या ओळीपासून हळूहळू वाचायला सुरुवात केली. गुणवंत बसच्या रस्त्याकडे निघाला, तेव्हा तो दुसऱ्या ओळीवर होता.