लेन्सताई, मी आणि हिरवं कडं

सगळे आधी लेन्सताईकडे बघतात. ती आहेच तशी, लांबलचक, पांढरीशुभ्र, रुबाबदार. मग कॅमेरादादाकडे बघतात. या दोघांच्या मधोमध जो काळा, बुटका, गोल ऐवज बसलेला असतो, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तो ऐवज म्हणजे मी! टेलिकन्व्हर्टर. हे नाव कुणाच्या तोंडात धड बसत नाही, म्हणून आमच्या घरातल्या आई मला 'बुटकोबा' म्हणतात. मला ते आवडतं. तुम्हीही तेच म्हणा.

माझं काम अगदी सोपं आहे. मी ताईच्या बुडाशी जाऊन बसलो की तिला दिसणारा पक्षी जवळजवळ दीडपट मोठा होऊन दादापर्यंत पोचतो. त्या बदल्यात मी आत येणारा निम्मा उजेड खातो. हो, खातो! उपाशीपोटी कोण काम करतं हो? पण लोकांना दीडपट मोठा पक्षी लगेच पचतो आणि माझं खाणं मात्र डोळ्यांवर येतं.

माझा जन्म झाला तो कारखाना इतका स्वच्छ होता की धुळीचा एक कण आत आला तर बायका दचकायच्या. पांढरे झगे, डोक्यावर टोप्या, बोलणं दबक्या आवाजात. त्यांनी माझ्या पोटात भिंगं एकेक करून बसवली. शेवटची बसवणाऱ्या बाईने मला दिव्यासमोर धरलं, एक डोळा मिटून आरपार बघितलं आणि म्हणाली, "जा बाबा, लांबलांबचं बघ." आईचा आशीर्वाद म्हणतात तो माझ्यासाठी एवढाच.

त्यानंतर लांबचं सोडाच, दुकानाच्या कपाटातून समोरचं केशकर्तनालय तेवढं दिसायचं. दुकानदार बोलायला गोड, पण माझा वैरी. कुणी माझ्याकडे बोट दाखवलं की लगेच सुरू व्हायचा, "घ्यायचाय तर घ्या साहेब, पण हा उजेड खातो, फोकस रेंगाळतो, मग मला बोलू नका." अशी ओळख करून दिल्यावर कोण घेणार? गिऱ्हाईक हात मागे घ्यायचं आणि मी समोरच्या दुकानात कुणाची दाढी चाललीय ते बघत बसायचो.

एका दुपारी अंगाला ताज्या पावाचा वास येणारा एक माणूस दुकानात आला. हातांच्या केसांत पीठ अडकलेलं. त्याने दुकानदाराचं सगळं भाषण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असू दे हो. खाणाऱ्यांचीच मला सवय आहे." हे आमचे मालक. त्यांची बेकरी आहे. घरी बायको आहे, ती जनावरांची डॉक्टर. आणि आई आहेत, त्या कुणाचंच ऐकत नाहीत.

मालकांना पक्ष्यांचं वेड. पण पहाटेपासून भट्टी पेटलेली, सकाळभर दुकानात झुंबड, त्यामुळे ते मोकळे व्हायचे भर दुपारी. तेव्हा आम्हाला घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर जायचे आणि पार पलीकडच्या काठावरच्या पक्ष्यांवर नेम धरायचे. घरी येऊन फोटो बघायचे आणि कपाळाला हात लावायचे. बगळे असे लिबलिबीत दिसायचे की कुणी त्यांना पाण्यात कालवलंय असं वाटावं. "हे डबडं आणलं आणि सगळा सत्यानाश झाला," मालक म्हणायचे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण सांगणार कसं?

त्यात भर म्हणजे पिशवीची कटकट. माझं तोंड जरा पुढे आलेलं आहे, ते ताईच्या पोटात शिरतं. त्यामुळे मी बसलेला असलो की ताईला पूर्ण आखडून घेता येत नाही, अर्ध्यावर ठक्क करून अडते. मग ती पिशवीत मावत नाही. मालक चिडून मला काढायचे, पुन्हा लावायचे, पुन्हा काढायचे.

शेवटी त्यांनी मला बेकरीतल्या खणात टाकून दिलं. शेजारी बिस्किटं कापायचे साचे. एकदा तर आईंनी मला साचाच समजून उचललं आणि लाटलेल्या कणकेवर दाबणार, एवढ्यात म्हणाल्या, "अगंबाई, हा तर बुटकोबा!" पदराने पुसून परत ठेवलं. त्या खणात एवढा एकच माणूस माझ्याशी बोलायचा.

आता करकोच्याचं सांगतो, कारण माझं नशीब फिरलं ते त्याच्यामुळे.

थंडीत आमच्या तळ्यावर करकोचे येतात आणि उन्हं तापायला लागली की दूरदेशी निघून जातात. गेल्या वर्षी त्यातला एक विजेच्या तारेला धडकला. पंखाचं हाड मोडलं. दवाखान्यातले मोठे डॉक्टर म्हणाले, याला इंजेक्शन देऊन कायमचं शांत झोपवू या. आमच्या डॉक्टरीणबाईंनी हट्टाने हाडात पोलादी सळी घातली, स्वतःच्या हाताने मासे भरवले, पायात सात आकडा असलेलं हिरवं कडं चढवलं आणि त्याला सोडलं. तो थव्याबरोबर गेला. पुढे जगला की कुठे पडला, कुणाला माहीत!

या वर्षी तसाच दुसरा आला. तीच तार, तसाच मोडलेला पंख. मोठे डॉक्टर माणूस चांगला, पण पक्ष्याचे हाल त्यांना बघवत नाहीत. ते म्हणाले, "अगं, सळी घालणं अवघड नाही. पण त्या पंखावर तो एवढा प्रवास करू शकणार आहे का? नसेल तर आपण त्याचे नुसते हाल करतोय. गेल्या वर्षीचा परत आलेला दाखव, मी स्वतः तुझ्या शेजारी उभा राहतो. पण हाड वाकडं जुळायच्या आत ठरवायला हवं. परवापर्यंत."

त्या दिवशी डॉक्टरीणबाई जेवल्या नाहीत. पिंजऱ्यातला करकोचा तेवढ्यात त्यांच्या हातून मासा घ्यायला शिकला होता.

आणि नेमके त्याच दुपारी मालक तळ्यावरून धावत आले. "अगं, करकोचे उतरलेत! एकाच्या पायात हिरवं काहीतरी आहे!" फोटोत लेन्सताईने आपल्या परीने जिवाचं रान केलं होतं, पण करकोचा दिसत होता मुंगळ्याएवढा आणि कडं म्हणजे एक हिरवा ठिपका.

"हिरवी कडी दुसरेही दवाखाने घालतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आकडा दिसला तरच उपयोग."

"मग बुटकोबाला काढ की," आई भट्टीजवळून ओरडल्या.

दुसऱ्या दुपारी मला खणातून काढलं. माझा आनंद काय विचारता! पण तळ्यावर पुन्हा तेच. करकोचे थरथरतायत, गवत थरथरतंय, कडं म्हणजे हिरवी लाळ. मालकांनी घरी येऊन मला टेबलावर ठेवलं. आपटलं नाही, पण मन तेवढंच दुखलं. डॉक्टरीणबाई डोळे पुसून दवाखान्यात गेल्या. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

संध्याकाळी मालकांनी भट्टीचं दार उघडलं. पलीकडे आई उभ्या होत्या. मालक बघतच राहिले.

"आई, तू हलतेयस."

"मी कशाला हलू? चाळीस वर्षं इथेच उभी आहे."

"नाही गं! भट्टीच्या धगीतून तू हलताना दिसतेयस! जमीन तापली की मधली हवा अशीच नाचते. बुटकोबाची काही चूक नाही. मीच गाढव!"

"ते मला ठाऊक आहे," आई म्हणाल्या. "पुढे बोल."

पुढचं बोलणं अवघड होतं. जमीन गार असताना जायचं म्हणजे पहाटे जायचं. आणि पहाटे आख्ख्या गावाचा पाव भट्टीत असतो. लग्न झालं त्या दिवशीसुद्धा मालकांनी भट्टी सोडली नव्हती. आईंनी पदर खोचला. "तू जा. तुला रांगता येत नव्हतं तेव्हापासून मी ही भट्टी सांभाळतेय. आणि सुनेलाही ने, तुला एकट्याला दिसायचं नाही."

तर दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता नवराबायको तळ्याकाठच्या लव्हाळ्यात पोटावर झोपले होते. कोपराखाली चिखल, वर मी, ताई आणि दादा. हवा कशी स्वच्छ, नितळ! पण उजेड नुकताच फुटत होता आणि त्यातला निम्मा मी खात होतो. पहिले फोटो नुसते काळे आले.

"थांब जरा," मालक कुजबुजले. "थोडं ऊन येऊ दे. पण फार नको."

आम्ही थांबलो. पाण्यावर पिवळी रेघ उमटली. आता, आता, असं म्हणतोय, तेवढ्यात पलीकडच्या काठावरून एक करकोचा उडाला आणि सरळ आमच्या पुढ्यात येऊन उतरला. पायात हिरवं कडं! तो तसाच टांगा टाकत आणखी जवळ येऊ लागला.

मालकांनी ताईला मागे घ्यायला हात फिरवला. ठक्क! अर्ध्यावर अडली, माझ्यामुळे. पक्षी इतका जवळ आणि आम्ही इतके लांबडे की तो आख्खा काही फोटोत मावेना. मला काढायला गेले असते तर हालचालीने तो भुर्रकन गेला असता. डोकं घ्या नाहीतर पाय घ्या, दोन्ही नाही. आणि मालकांनी काय घ्यावं? डोकं! लालभडक चोच, काळाभोर डोळा, त्यावर कोवळं ऊन. जन्मात असा फोटो मिळाला नव्हता त्यांना. खटखट, खटखट.

"पाय!" डॉक्टरीणबाई दात आवळून म्हणाल्या. "अरे, पाय घे!"

"थांब गं, डोळा काय सुंदर आलाय."

"डोळ्यावर आकडा लिहिलाय का?"

मालक भानावर आले आणि आम्ही तिघं खाली वळलो. तर त्या पठ्ठ्याने कड्याचा पाय उचलून पोटाशी घेतलेला! एका पायावर उभा, साहेबासारखा, काही घाई नाही. माझ्या आतलं भिंगन्‌भिंग ताठ झालं होतं. पाव किती भाजून झाले असतील, ऊन किती चढलं असेल, कशाची शुद्ध नव्हती कुणाला.

त्याने पाय खाली ठेवला. खट्!

मालकांनी फोटो मोठा करून बायकोपुढे धरला. दोन लाल, काटकुळे पाय. एकात हिरवं कडं. त्यावर स्वच्छ, ठसठशीत सात! कड्याला गेलेली बारीक चीरसुद्धा दिसत होती.

डॉक्टरीणबाई चिखलातच उठून बसल्या. हसत होत्या आणि रडतही होत्या. करकोचा दचकून उडाला, तर त्याच्याकडे बघून ओरडल्या, "जा, जा! हवं तिथे जा!" पंख बघितले का त्याचे? कुठला मोडला होता, सांगता येत नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांनी फोटो बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला. "मला चूक ठरवलंस," ते म्हणाले, "आणि मला फार बरं वाटलं. चल, हात धू." सळी घालताना शब्द दिल्याप्रमाणे ते शेजारी उभे राहिले. इकडे बेकरीत पाव दुप्पट वेगाने संपला होता आणि गिऱ्हाइकं विचारत होती, आज काय वेगळं घातलंय. आई म्हणाल्या, "काही नाही, आज मुलगा नव्हता."

तेव्हापासून माझं छान चाललंय. खणातून सुटका झाली, मला मऊ कापडाची वेगळी थैली मिळाली. कडेला एक ओरखडा आहे, तो लव्हाळ्यातला, मी मिरवतो. तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद खणात पडला असेल, तर त्याच्या वतीने सांगतो. त्याला भर दुपारी तळ्यापलीकडे रोखू नका. आधी तुम्ही जमेल तेवढे जवळ जा, मग त्याला लावा. त्याला पोटभर उजेड द्या, थोडा धीर धरा आणि मग बघा तो काय करतो ते!

परवाचं मात्र सांगायलाच हवं. परवा त्या दुसऱ्या करकोच्याला सोडलं. सगळे तळ्यावर जमले. पक्षी टोपलीतून हातभर अंतरावर निघणार, म्हणून मालकांनी मला काढून खिशात टाकलं. बरोबरच होतं, पण मला अंधाराशिवाय काही दिसेना. फक्त ऐकू येत होतं. टोपलीचं झाकण करकरलं. "उड रे राजा," आई म्हणाल्या. मग पंखांची फडफड, धडपड, पुन्हा फडफड. मग तीही ऐकू येईना. खिशात माझा जीव अर्धा झाला.

एकदम मोठ्या डॉक्टरांनी टाळी वाजवली. पाठोपाठ मालकांचा हात खिशात आला, "बुटकोबा! बुटकोबा कुठाय? लांब चालला तो!" घाईघाईत त्यांनी मला लावलं, पण स्वतः बघितलं नाही. कॅमेरा बायकोच्या हातात दिला.

बाईंनी डोळा लावला. पक्षी सारखे पंख मारत होता, एक वर नाही, एक खाली नाही. "गेला दिसेनासा," काठावरचं कुणीतरी म्हणालं. आई म्हणाल्या, "हो, गेला." मालकही मान हलवून खाली बघू लागले. आमच्या डॉक्टरीणबाई मात्र तशाच उभ्या होत्या, कारण मी होतो म्हणून त्यांना तो अजून दिसत होता.