डब्याची खिडकी

गवंड्याने आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली आणि स्वतःला राहायला घेतला मालवाहू ट्रेलर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि अंधारही अगदी खरा, कारण त्या डब्याला एकही खिडकी नव्हती. मालाला कशाला लागते खिडकी? खोक्यांनी कधी तक्रार केली नव्हती. तक्रार करायला आता गवंड्याची बायको होती.

तिला आपण सूनबाईच म्हणू, कारण या सगळ्या भानगडीत ती भरडली गेली ती सून म्हणूनच. बेकरीतली सकाळची पाळी संपवून ती घरी यायची आणि भर दुपारी दिवा लावून जेवायची. दार उघडं टाकलं तर धूळ, लावलं तर भट्टी. तेही तिने सोसलं असतं, पण प्रश्न सासूबाईंचा होता.

सासूबाईंच्या डोळ्यांच्या शिरा सुकत चालल्या होत्या. डॉक्टरांनी नणंदेला आणि हिला समोर बसवून सरळ सांगितलं होतं: गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली दोन महिने टिकेल किंवा तीन, जे दाखवायचं ते दाखवून घ्या. म्हातारी तेव्हा नणंदेकडे मागच्या खोलीत होती. तिथून शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप दिसत, दुसरं काही नाही. तिने मुलाकडे एकच गोष्ट मागितली. "तुझ्या घरात खिडकीपाशी खाट टाक. दिसतंय तोवर रस्ता बघत पडेन."

"आठवड्यात करतो, आई," गवंडी म्हणाला होता. त्याला आता सात आठवडे झाले होते.

खिडकी मिळायला वेळ लागला म्हणावं तर तसंही नाही. भंगारवाल्याने जुन्या बसची सरकत्या काचांची खिडकी पहिल्याच आठवड्यात आणून टाकली. मग साहेब विचारात पडले. पत्र्यामागे लोखंडी पट्ट्या असतात, चुकून एखादी कापली तर डबाच बसायचा. बरं बाबा, खरंय. पण पट्ट्या कुठे आहेत ते ठोकून बघायला अर्धा तास लागतो, याने दहा दिवस घेतले. खरं दुखणं वेगळंच होतं. वीट चुकली तर काढून परत लावता येते, कापलेला पत्रा परत येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी हा आतल्या प्लायवूडवर पेन्सिलीने चौकोन काढायचा, पाणसळ लावायचा, तिच्यातला बुडबुडा बरोबर मधे आला की मान डोलवायचा आणि सकाळी सगळं पुसून टाकायचा.

"अहो, भिंतीवर शाळा भरवलीय का?" सूनबाई विचारायची.

"घाई केली की काम बिघडतं."

"मग आईंच्या डोळ्यांना सांगा, घाई करू नका म्हणून."

यावर तो पेन्सिलीला टोक करत बसायचा. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? भिंतीवर डोकं आपटावं तर भिंतही पत्र्याची.

सातव्या रविवारी नणंदेचा फोन आला. "वहिनी, आज आईने मला वाजले किती विचारलं. घड्याळ समोरच्या भिंतीवर आहे. मग म्हणाली, राहू दे, टिकटिक ऐकू येतेय म्हणजे चालू आहे."

सूनबाईने फोन ठेवला आणि नवऱ्याला न विचारता वेल्डरला बोलावलं. तो ग्राइंडर घेऊन तासाभरात हजर झाला. गवंड्याच्या अजून न पुसलेल्या चौकोनाच्या चारी कोपऱ्यांना त्याने आतून भोकं पाडली, बाहेरून ती रेघांनी जोडली आणि ठिणग्या उडवत पत्रा कापला. चौकोन धाडकन खाली पडला आणि उजेड थेट चुलीपर्यंत आला. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरामुळे नव्हतं. खिडकी बसली, कडेने रबर बसलं, वर सिलिकॉनचा गोंदही फिरला. इतका वेळ दारात उभ्या असलेल्या गवंड्याने पुढे होऊन खालच्या कडेवर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधे.

"बघ," तो म्हणाला.

वेल्डर मात्र खाली वाकून डब्याच्या पुढच्या टेकूकडे बघत होता. तो टेकू गंजून वीतभर खाली अडकला होता, त्यामुळे सगळा डबा पुढे झुकलेला. फरशीवर ठेवलेला बटाटा रोज आपसूक पुढच्या भिंतीला जाऊन लागायचा आणि सूनबाई रोज ते सांगायची. "खिडकीशी त्याचा काय संबंध," हे तिला मिळालेलं उत्तर.

"म्हातारीची खाट घसरेल हो," वेल्डर म्हणाला आणि जॅक लावून डबा उचलला. डबा सरळ झाला आणि खिडकी तिरकी झाली.

गवंडी तोंड उघडं टाकून बघत राहिला. जमिनीवरची भिंत जिथे बांधली तिथे राहते, पाणसळ म्हणेल ते खरं. पण या भिंतीला खाली चाकं होती, हे चाळीस वर्षांच्या अनुभवाला सुचलंच नाही.

"काढतो," तो म्हणाला. "नवा पत्रा आणतो, जोड देतो, पुन्हा कापतो. पंधरा दिवस."

"काय?"

"आईला ही दाखवू? तिने बाबांच्या हाताखाली तीस वर्षं विटा वाहिल्यात. बाबांची भिंत कधी सूतभर हलली नाही."

आता मात्र सूनबाईचं डोकं फिरलं. "त्यांना खिडकी बघायची नाहीय हो. खिडकीतून बघायचंय. तुमची अब्रू सांभाळायला त्यांचे डोळे थांबणार आहेत का?"

दुसऱ्या दिवशी तिने बेकरीला दांडी मारली आणि टॅक्सी करून सासूबाईंना घेऊनच आली. टॅक्सी दिसताच गवंडी डब्यामागे जाऊन विटा रचू लागला. रचायच्या विटा कुठल्या, तर कालच रचलेल्या.

तिने सासूबाईंना खाटेवर निजवलं, पाठीशी उशी दिली आणि काच सरकवली. बाहेर शाळेला जाणाऱ्या मुली, एक सायकलवाला, समोर दुकान उघडणारा माणूस. सासूबाई नुसत्या पडून राहिल्या.

"काय दिसतंय, आई?"

"उजेड आहे," त्या म्हणाल्या. मुली, सायकल, दुकान, कशाचंच नाव नाही.

सात आठवडे. सात आठवडे हा माणूस पेन्सिलीला टोक करत बसला. आज भर रस्त्यात त्याला काय ते सुनवायचंच, म्हणून सूनबाई उठली, तर सासूबाईंनी हात वर केला आणि खिडकीच्या खालच्या कडेवरून हवेत बोट फिरवलं.

"कोणी बसवली ही? डावीकडे दोन बोटं उतरलीय."

दारात विटेच्या धुळीने माखलेला गवंडी उभा होता. "किती म्हणालीस?"

"दोन बोटं. आंधळ्यालाही कळेल."

तो आत आला, खाटेच्या कडेला बसला आणि पोरासारखा रडायला लागला. "दोनच आहेत, आई. बरोबर दोन."

"मग रडतोस कशाला? तुझा बाप असता तर पाडून परत करायला लावली असती."

गवंड्याने नाक पुसलं. सूनबाईने कपाळावर हात मारून घेतला, कारण आता हा काय विचारणार ते तिला माहीत होतं.

"पाडू?"

"हात तर लावून बघ," सासूबाई म्हणाल्या आणि कूस बदलून त्यांनी रस्त्याकडे तोंड केलं.