डावीकडे वळलेला उजेड

मी पोलारीमीटर बोलतोय. नाव जड आहे, काम मात्र साधं. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी माझं बस्तान आहे. पोटातल्या काचेच्या नळीत उसाचा रस भरायचा, एका टोकाला पिवळा दिवा लावायचा आणि दुसऱ्या टोकाला डोळा. रसातली साखर उजेडाला उजवीकडे वळवते. साखर जास्त, तर वळण जास्त. डावीकडे वळवणारा उसाचा रस मी कधी पाहिला नव्हता.

दुसरी मोठी लढाई संपली त्या हंगामात कुंडलची साळूबाई रसाची कळशी घेऊन आली. नवरा अजून पलटणीतून सुटला नव्हता. गुऱ्हाळ घालायला घरात गडीमाणूस नाही. कारखान्यानं ऊस नाकारला, तर तो शेतातच वाळणार. नमुना तपासून आमचे केमिस्ट लेलेसाहेब काय ते ठरवणार होते.

साहेबांनी रस गाळून माझ्यात भरला आणि उजेड वळला चक्क डावीकडे! मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. साहेबांनी नळी धुतली, पुन्हा भरली. पुन्हा तेच.

“बाई, यात उसाची साखरच दिसत नाही. ऊस घेता यायचा नाही.”

“साकर न्हाई? आवं सायेब, पिऊन तर बगा!”

साहेबांनी घोट घेतला. रस गोडमिट्ट होता! मग मी काय खोटं बोललो? मला काही सुधरेना. साहेबांनी मात्र दुसरा घोट जिभेवर घोळवला.

“यात लिंबू आहे का हो?”

“व्हय. पावण्याला बिनलिंबाचा रस देत्यात व्हय? आन वाटंत नासू न्हाई म्हनून लय येळ उकळलाय.”

साहेबांनी कपाळावर हात मारला. आंबट आणि उकळी एकत्र आली की साखर फुटते, तिच्या दोन साखरा होतात. दोन्ही गोडच; पण एक उजेडाला उजवीकडे ओढते, दुसरी त्याहून जोरानं डावीकडे. हे त्यांनी समजावलं. साळूबाईला किती कळलं, देव जाणे. मलाही अर्धंच कळलं.

साहेबांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी तिनं डोक्यावरून उसाची मोळीच आणली. साहेबांनी समोर रस काढला, आणि उजेड उजवीकडे असा वळला की माझा जीव भांड्यात पडला.

“घेतला तुमचा ऊस,” साहेब म्हणाले.

साळूबाई तोंडाला पदर लावून रडू लागली.

आता माझं पितळ काळवंडलंय, तरी रोज रस तपासतो. पण आदल्या दिवशी ऊस नाकारला, तेव्हा ती बाई रडली नव्हती. घेतला, तेव्हा का रडली? कुणाला ठाऊक असेल, तर मला सांगा हो.