विणकाम खातं गप्प होतं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. सुदामा नगरात प्रमोदिनीताईंच्या घरी, कोपऱ्यात, धुतलेल्या पांढऱ्या कपड्याखाली असतो. ताई दर गुरुवारी कपडा बदलतात. मला त्याचं आता विशेष काही वाटत नाही.

पूर्वी मी परदेशीपुऱ्यातल्या एका मिलच्या ऑफिसात होतो. ताईच मला चालवत. मिलच्या सहा खात्यांत माझ्यासारखेच सहा संगणक होते. सूचना सहा वेळा पाठवायची नाही. एकदाच सोडायची, सहाही जणांनी ती घ्यायची, अशी माझी रीत. सूचनेच्या तुकड्यांना क्रमांक असत. कुणाचा तुकडा वाटेत हरवला, की तो संगणक मागे, "चौथा परत द्या." मी देई. जो मागत नाही, त्याला सगळं मिळालं असं मी धरी. ऑफिसातले दिनानाथ म्हणत, "भिया, मशीन एकदम पक्की है!"

मग मिल बंद होणार असं ठरलं. पोलोग्राउंडचा एक नवा कारखाना चाळीस कामगारांना घेणार होता. खंडेनवमीच्या दुपारी मी ती यादी सोडली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जो हजर होणार नाही, त्याची जागा जाणार होती. रंगखात्याने दोन तुकडे परत मागितले.

"रंगखात्याला एका हाकेत कधी ऐकू येतं का?" दिनानाथ हसले.

विणकाम खातं गप्प होतं. मी समजलो, मिळालं.

तिथला संगणक सकाळीच पूजा करून बंद ठेवला होता; आम्हा बाकीच्यांची पूजा संध्याकाळी व्हायची होती. हळदकुंकू, झेंडूची माळ. पुजलेल्या यंत्राला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, असा मिलचा नेम. बंद यंत्र मागणार तरी कसं?

यादी उतरलीच नाही, म्हणून त्या खात्याचा सूचनांचा बोर्ड कोरा राहिला. सत्तावीस वर्षं तिथे काम केलेले कृष्णराव दसऱ्याला बोर्ड पाहून गेले. "अपना नंबर नही लगा," एवढंच बोलले.

चार दिवसांनी त्यांच्या पत्नी यमुनाबाई ऑफिसात आल्या. "ताई, ह्यांचं नाव होतं का हो?"

ताईंनी माझ्या पडद्यावर पाहिलं. अकरावं नाव.

"होतं, वहिनी."

"मग आता?"

"जागा भरली."

"बरं," म्हणत यमुनाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या निघाल्या. रडल्या नाहीत.

मित्रांनो, आम्हाला पुसा, झाका, पुजा. पण जो गप्प आहे त्याला मिळालंच, असं माझ्यासारखं धरू नका. जाऊन विचारा. ताई रोज नैवेद्य झाला की शेजारच्या म्हाताऱ्या जनाबाईंच्या दारात उभ्या राहतात. "जेवलात का, आजी?"

आतून उत्तर आल्याशिवाय त्या पानावर बसत नाहीत.